ऐंशी नंबरचं सूत

माझा जावई काशीराम घराबाहेर पडला की तीन वेळा परत यायचा. पहिल्यांदा कुलूप ओढून बघायला, दुसऱ्यांदा स्टोची हवा सोडली का ते बघायला, आणि तिसऱ्यांदा का यायचा ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. दारात उभा राहून एकदा आत बघायचा आणि जायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या लेकीला, नलिनीला, याचं रडू यायचं. दुसऱ्या वर्षी हसू यायला लागलं. तिसऱ्या वर्षी तिने एक किल्ली माझ्याकडे आणून ठेवली, की आई बघून घेईल म्हटल्यावर तीनातली एक फेरी तरी वाचेल. वाचली नाही. तो माझ्याकडे येऊन विचारायला लागला, मामी, किल्ली आहे ना जाग्यावर.

आमच्या मालवणकडे जावई सासूला मामी म्हणतो. मी त्याला तोंडावर तुम्ही म्हणते, पाठीमागे तो म्हणते. इथे पाठीमागेच चाललंय.

आम्ही राहायचो मुलुंडला, डोंगराच्या अंगाला असलेल्या बैठ्या चाळीत. एका खोलीत मी आणि माझा धाकटा, चंद्रप्रकाश. त्याला आम्ही चंदू म्हणतो. मधली एक खोली सोडून नलिनी आणि काशीराम. काशीराम लालबागच्या एका मिलमध्ये रिंग खात्यात फिटर होता, सोळा वर्षं. घरात दाराच्या कडीला घाबरणारा माणूस, पण मिलमध्ये त्याच्या नावाला मान होता. त्याच खात्यातला एक जॉबर, म्हणजे मुकादम, मला एकदा म्हणाला होता, भित्र्या माणसाने आवळलेला नट सुटत नाही. ते मला पटलं. मी स्वतः एकोणीस वर्षं रीळ खात्यात काढली आहेत. तिथे धीट बायकांचीच सुतं जास्त तुटायची.

मग ब्याऐंशीचा संप आला आणि मिलच्या दाराला जे कुलूप लागलं ते लागलंच. हे कुलूप काही काशीरामने ओढून बघितलेलं नव्हतं. त्याची हत्यारांची पेटी आत राहिली. पाने, हातोड्या, आणि पात्यांचं गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पातळ पट्ट्यांचा जुडगा. नोकरी गेली त्याचं तो फारसं बोलला नाही. पेटीचं मात्र वर्षभर बोलत होता. पुढे त्याला भांडुपला एका कंपनीच्या गेटवर वॉचमनचं काम लागलं. कुलपं बघायचंच काम. नलिनी म्हणाली, आता पगार घेऊन बघतात.

ही गोष्ट पंच्याऐंशीची आहे.

चंदू तेव्हा सव्वीस वर्षांचा, एका कंपनीत पॅकिंगला. त्याने कोणाची तरी जुनी फटफटी घेतली आणि पहिल्या आठवड्यात तिचे दिवे काढले, मडगार्ड काढलं, आरसे काढले. सायलेन्सर वर उचलून बांधला. चाकांना गाठीगाठीचे टायर घातले. मी म्हटलं, अरे, बाई न्हाणीतून उठून आल्यासारखी दिसतेय ही. तो म्हणाला, आई, ही मातीतली गाडी आहे, रस्त्यावरची नाही. डोंगराच्या पायथ्याला एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिथे रविवारी पंधरा-वीस पोरं असल्या गाड्या घेऊन चढणीवरून उतरणीवर उड्या मारायची. मोटोक्रॉस म्हणतात त्याला. मी एकदाही बघायला गेले नाही. रविवारी दुपारी गाडीचा आवाज चाळीच्या तोंडाशी आला की मी भाताखालचा स्टो बंद करायचे, एवढंच.

ऑक्टोबरात एका रविवारी आवाज आला नाही. चंदू गाडी ढकलत आला. एका बाजूची कोपरापासून खांद्यापर्यंत साल गेलेली. काय झालं ते काशीरामने त्याला विचारलं आणि मी आयोडीन लावता लावता ऐकलं, म्हणून मला कळलं. इंजिनाच्या पोटात सिलिंडर असतो, गोल नळकांडं, आणि त्यात पिस्टन खालीवर होतो. दोघांच्या मधे केसाएवढी फट लागते. गरम झाल्यावर पिस्टन फुगतो. फट कमी पडली किंवा तेल कमी पडलं की तो सिलिंडरला चिकटतो. आणि चालत्या गाडीत तो चिकटला की मागचं चाक जागच्या जागी धरलं जातं. गाडी थांबते, माणूस थांबत नाही.

"सपाटीवर होतो म्हणून वाचलो," चंदू म्हणाला. "उडीवर असतो तर भावोजी, तुम्हाला मला पोत्यात आणायला लागलं असतं."

हे तो हसत म्हणाला. काशीराम हसला नाही. मी आयोडीनची बाटली जरा जास्तच ओतली.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी खाणीत मोठी शर्यत होती. शहरातला एक क्लब यायचा होता आणि पळणाऱ्यांतली दोन पोरं निवडून पुण्याला, बंगलोरला मोठ्या शर्यतींना नेणार होता. चंदूचा त्यावर जीव. मोठ्या मेकॅनिककडे गाडी दाखवली तर तो म्हणाला दोन महिने. मग चंदू आला काशीरामकडे. भावोजी, तुम्हीच उघडा इंजीन. नवा पिस्टन आणतो, सिलिंडर लेथवर बोअर करून घेऊ, जोडायचं तुम्ही. सोळा वर्षं फिटर होतात, हे काय मोठं आहे.

त्या दिवसापासून काशीरामची झोप गेली. ड्युटीवरून आला की गाडीभोवती फिरायचा. उकिडवा बसायचा, इंजिनावर हात ठेवायचा, उठायचा. परत बसायचा. एकेका पातेल्यावर झाकण आहे का बघावं तसं बघायचा. चाळीतल्या प्रत्येकाला त्याने विचारलं, आणि प्रत्येकाने प्रत्येक वेळी वेगळं सांगितलं. नलिनी वैतागून म्हणाली, अहो, नाही म्हणून टाका. तर म्हणाला, नाही म्हटलं आणि दुसऱ्याने वाईट जोडलं तर? मग हो म्हणा. हो म्हटलं आणि मीच वाईट जोडलं तर?

मला एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "मामी, मिलमध्ये माझं चुकलं तर सूत तुटायचं. गाठ मारली की झालं. इथं गाठ कुठं मारणार?"

मी काय सांगणार? माझाच पोरगा त्या गाडीवर बसणार, आणि माझ्याच लेकीचा नवरा ती जोडणार. काही वाईट झालं असतं तर मला एकाच दारात दोघांसाठी रडायला लागलं असतं. नको म्हणावं तर चंदू कोणाही रस्त्यावरच्या माणसाकडून उघडून घेणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, देवाला विचारा. बाई माणसाने सुटका करून घ्यायला म्हणायचं असतं तसं म्हटलं.

त्याने खरंच विचारलं. गावी काकाला पत्र टाकलं, की ग्रामदेवाला कौल लाव. आमच्याकडे देवाच्या अंगाला पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नं, जमिनी, म्हशी, सगळं याच्यावर ठरतं. इंजिनासाठी लावलेला कौल आमच्या गावात हा पहिलाच असेल. पत्राचं उत्तर यायला बारा दिवस लागले. काकाने लिहिलं होतं की पाऊण तास एकही पाकळी हलली नाही, आणि मग उजवी आणि डावी दोन्ही एकदम पडल्या. गुरव म्हणाला, असं मी माझ्या हयातीत बघितलं नाही, काशीरामाला म्हणावं तुझं तू बघ.

चंदू पोट धरून हसला. काशीराम ते पत्र घडी करून खिशात घेऊन फिरत होता. देवानेसुद्धा आपल्यावरच टाकलं, हे त्याला फार लागलं.

तेवढ्यात चंदूने ओळख काढून त्या मोठ्या मेकॅनिकला मधेच गाडी घ्यायला राजी केलं. काशीरामचा जीव भांड्यात पडला. गाडी टेम्पोत घालून दोघं गेले. आणि संध्याकाळी तोच टेम्पो तीच गाडी घेऊन परत. चंदू फणफणत होता. झालं असं होतं, की तिथे दुसऱ्या कोणाचं इंजीन उघडलेलं होतं, आणि तो मेकॅनिक पिस्टनमधली पिन हातोडीने ठोकून काढत होता. मधे लाकडाचा ठोकळा नाही, तेल नाही, गरम करणं नाही. लोखंडावर लोखंड. काशीराम बघत राहिला, मग म्हणाला, चंदू, चल. मेकॅनिकला काही बोलला नाही. तेवढा तो धीट नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याने माझ्याकडे जुनं नऊवारी लुगडं मागितलं. ओट्यावर पसरलं आणि इंजीन उघडायला घेतलं. निघालेला एकेक भाग निघाला त्या क्रमाने लुगड्यावर, काठापासून पदराकडे. बारीक नट नलिनीच्या मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत एका झाकणाचे, हळदीच्या वाटीत दुसऱ्या. पुढे महिनाभर आमच्या आमटीला पेट्रोलचा वास होता. एक नट काही केल्या सुटेना. तासभर त्याच्यासमोर बसला आणि हात लावला नाही. मग एकदम उठून उलटा फिरवला, तर सुटला. मिलमध्ये सूत गुंडाळायच्या काही चात्यांना उलटे आटे असायचे म्हणे, तसाच हा. त्या रात्री पहिल्यांदा तो नीट झोपला, असं नलिनी म्हणाली.

सिलिंडर बोअर करायला भांडुपच्या एका गाळ्यात दिला. तिथला लेथवाला कुंडलिक, साताऱ्याकडचा, हाताचा चांगला आणि बोलायला कमी. त्याने सिलिंडर करून दिला आणि म्हणाला, जरा घट्ट ठेवलाय, चालवता चालवता मोकळा होईल. काशीराम घरी आला आणि त्या जरा घट्टने त्याला पोखरायला सुरुवात केली. रस्त्यावरची गाडी असती तर हळूहळू चालवून मोकळी करता आली असती. ही तर पहिल्याच दिवशी उड्या मारणार. फट चार थाऊ पाहिजे, म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चार. मोजायची कशाने? गेज मिलच्या कुलपात. विचारायला परत भांडुपला गेला, तर गाळा बंद. कुंडलिक पुतणीच्या लग्नाला गावी गेलेला, सोमवारी येणार. शर्यत रविवारी.

मग त्याला युक्ती सुचली. मिलमध्ये कोणा स्पिनिंग मास्तराने त्याला सुताचा हिशोब शिकवला होता. सुताचा नंबर जेवढा मोठा तेवढं ते बारीक. ऐंशी नंबरचं सूत बरोब्बर चार थाऊ जाडीचं. आणि माझ्या ट्रंकेत ऐंशी नंबरचं एक बॉबिन होतं, कामावरून निघाले त्या दिवशी आणलेलं. कसं आणलं ते विचारू नका. त्याने सूत सिलिंडरमध्ये सोडलं, वरून पिस्टन घातला, आणि सूत हळूच ओढलं. ते अडकत अडकत पण तुटल्याशिवाय बाहेर आलं. परत केलं, दुसऱ्या बाजूने केलं. सगळीकडून तसंच.

"चार आहे, मामी," तो म्हणाला. "पुरे चार."

चौदा वर्षांत मी त्याला इतक्या ठामपणे काही बोलताना ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी इंजीन जोडून झालं. एकही नट उरला नाही, मसाल्याचा डबा रिकामा. शनिवारी सकाळी चंदूने किक मारली आणि तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. चाळ बाहेर आली. चंदूने ती उभ्या उभ्याच पाच मिनिटं चालवली आणि बंद केली. कोणीतरी हँडलला झेंडूची माळ बांधली. काशीराम दुपारी दोनदा भात मागून जेवला. आणि नंतर पानाच्या गादीपर्यंत जाऊन आला, कुलूप एकदाही न ओढता. नलिनी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती.

जेवणं झाल्यावर मी चंदूच्या उद्याच्या शर्टाचं बटण लावायला बसले. खिडकीत ते मोजायचं सूत पडलेलं होतं, हातभर. म्हटलं, आता याचं काय काम, सुईत ओवू. तर ओवेना. टोक ओलं केलं, पीळ दिला, तरी दोन्ही बाजूंनी नेढ्याच्या बाहेर जायचं. डोळे गेले असं वाटलं. मग बोटांमधून ओढून बघितलं.

एकोणीस वर्षं माझ्या या बोटांमधून सूत गेलंय. अंधारात नंबर सांगायचे मी. त्या सुताचा मधला भाग बोटाला गोल लागत होता आणि हे टोकाकडचं चार बोटांएवढं, जे आत गेलं होतं, ते चपटं लागत होतं. नुसतं चपटं नाही, चकचकीत. पीळ मेलेला. आमच्या खात्यात असं सूत कुठल्याही अरुंद जागेतून घासून आलं की असंच व्हायचं, आणि जॉबरीण ते काढून टाकायला लावायची.

मी सुई खाली ठेवली.

सूत काही लोखंड नाही. दाबलं की दबतं. ते चार थाऊचं असलं तरी आत जाताना चारचं राहिलं नव्हतं. म्हणजे फट चार नव्हतीच. किती होती कोण जाणे, तीन, दोन. उभी असताना गाडी चालली. उद्या चढण चढून चढून इंजीन तापेल, पिस्टन फुगेल, आणि चंदू उडीवर असेल.

आता खरं सांगते, मी लगेच उठले नाही. काय काय आलं मनात. वाटलं, मी चौथी शिकलेली, मला काय कळतं यातलं. वाटलं, तो फिटर आहे, त्याने विचार केला असेल. वाटलं, आज पहिल्यांदा हा माणूस न घाबरता जेवला, आणि मी जाऊन त्याच्या ताटात माती कालवू? चंदूचा चेहरा आला डोळ्यांसमोर. त्या क्लबवाल्यांना दाखवायला त्याने तो शर्ट स्वतः धुतला होता. मी चहा टाकला. चहा उतू गेला. परत टाकला. मग ते सूत पदराच्या टोकाला बांधलं आणि दोन दारं चालून गेले.

काशीराम ओट्यावर बसून फडक्याने गाडीची टाकी पुसत होता. मी त्याच्या हातात सूत दिलं आणि म्हटलं, "जरा बोटाने बघा हे. आधी मधलं, मग टोक."

त्याने बघितलं. एकदा बघितलं, उजेडात धरलं, अंगठ्याखाली गोल फिरवून बघितलं. ते फिरेना, चपटं सूत फिरत नाही, नुसतं घसरतं. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसला.

"मामी," तो म्हणाला, "सूत दबलं."

"होय."

"सोळा वर्षं सुतात होतो मी."

त्याला सोळा वर्षं मशीन कळत होतं, सूत कधी बोटात धरायला लागलं नव्हतं. ते काम बायकांचं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

चंदू पाचच्या सुमाराला आला, हेल्मेट उसनं घेऊन. काशीरामने त्याला सरळ सांगितलं. शनिवारी चारनंतर सगळे गाळे बंद, मोजायला कोणी नाही, आणि मोजल्याशिवाय गाडी द्यायची नाही. चंदूला आधी थट्टा वाटली. मग नाही वाटली.

"सकाळी चालली ना? कुठं चिकटली?"

"उभी होती. उभी गाडी चिकटत नाही."

"भावोजी, एका धाग्यावरून? आईच्या धाग्यावरून?"

"हो."

"तुम्ही घाबरलात. तुम्ही नेहमीच घाबरता. दाराला घाबरता, स्टोला घाबरता, आता देवाने सांगितलं नाही म्हणून या धाग्याला घाबरता. मी घेऊन जाणार सकाळी. काय व्हायचं ते माझं होईल."

चाळीतली माणसं आपापल्या दारात आली होती. नलिनी उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभी. मला वाटलं आता काशीराम मान खाली घालेल. नेहमी घालायचा. कोणी आवाज चढवला की हा बाजूला सरकायचा, नळावरसुद्धा.

तो म्हणाला, "घाबरतो. आहेच मी भित्रा." आणि खाली बसला, पाना घेतला आणि सिलिंडरच्या डोक्यावरचा पहिला नट सैल केला. मग दुसरा. पाना दोनदा निसटला, बोट कापलं, रक्त आलं, ते त्याने चड्डीला पुसलं आणि तिसरा नट घेतला. चंदू त्याच्या डोक्याशी उभा होता. एक लाथ घालेल असं मला वाटलं. घातली नाही. चौथा नट निघाला, डोकं निघालं, आणि आता ती गाडी सकाळी कुठेही जाणार नव्हती.

चंदू माझ्याकडे वळला. "तूच लावलंस हे."

मी म्हटलं, मीच.

तो हेल्मेट परत द्यायला गेला तो जेवायला आला नाही. रविवारी चालत खाणीत गेला आणि दुसऱ्यांच्या उड्या बघून आला. क्लबवाल्यांनी दोन पोरं निवडली. एक ठाण्याचा, एक कुर्ल्याचा.

सोमवारी काशीराम सिलिंडर आणि पिस्टन फडक्यात बांधून कुंडलिककडे गेला. मी पण गेले. मला बसवत नव्हतं घरात. कुंडलिकने खऱ्या गेजने मोजलं आणि म्हणाला, अडीच. काशीरामने विचारलं, पळाली असती? कुंडलिकने बिडी विझवली, विचार केला. रस्त्यावर पळाली असती, म्हणाला. तुमच्या त्या खड्ड्यात... पळालीही असती. मी सांगू शकत नाही.

माझी आशा होती की तो सांगेल. इकडं नाहीतर तिकडं. काही नाही. त्याने फट चारची करून दिली आणि आम्ही परत आलो. चंदूला अडीच म्हणून सांगितलं तेव्हा तो बूट काढत होता. एक काढला, दुसरा काढला, हं म्हणाला. बरोबर केलंत असं त्याने तेव्हा म्हटलं नाही, आणि पुढेही कधी म्हटलं नाही. पुणं-बंगलोर गेलं ते गेलंच. तो अजून पॅकिंगलाच आहे, सुपरवायझर झालाय. काशीरामशी तीन आठवडे बोलला नाही. माझ्याशी बोलला, पण मीठ दे, पाणी दे, एवढंच.

फेब्रुवारीत खाणीत छोटी शर्यत होती, नेहमीच्याच पोरांची. त्याच्या आदल्या दिवशी चंदू काशीरामच्या दारात गेला आणि म्हणाला, भावोजी, एकदा बघून घ्या गाडी. एवढंच. काशीरामने चार तास बघितली.

त्या रविवारी मी पहिल्यांदा गेले. काशीराम मला घेऊन गेला खरा, पण एका दगडावर शर्यतीकडे पाठ करून बसला. त्याला बघवत नव्हतं. ऐकत होता. सात गाड्या होत्या. म्हणाला, आपली ती जाड आवाजाची. मला सगळ्या सारख्याच वाटत होत्या, पण मी मान हलवली. एकूण सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला ती गाडी चढणीच्या मागे जायची, आणि वर यायची तोवर त्याची बोटं मांडीवर आवळलेली असायची.

चौथ्या फेरीला आवाज गेला.

मला कळलं नाही. त्याला कळलं. तो उठला आणि पळाला. इतक्या वर्षांत मी माझ्या जावयाला पळताना कधी बघितलं नव्हतं. चप्पल एकीकडे, टोपी दुसरीकडे. मी पण गेले त्याच्या मागे, लुगडं वर धरून, दगडांमधून. चढणीच्या पलीकडच्या वळणावर गाडी आडवी पडलेली, आणि चंदू तिच्या बाजूला मातीत बसलेला, गुडघा धरून.

काशीराम आधी गाडीकडे गेला. मागचं चाक हाताने फिरवलं. फिरलं. परत फिरवलं. गरगर फिरलं.

"भावोजी," चंदू म्हणाला, "मी इकडं आहे."

वळणावर चाक घसरलं होतं, बाकी काही नाही. गाडी पडली म्हणून बंद पडली. चंदू उठला, लंगडत गाडी उभी केली, किक मारली. पहिल्या किकला नाही, दुसऱ्या किकला झाली. माझ्याकडे न बघता गेला. बाकीच्या सहा गाड्या कधीच पुढे गेल्या होत्या, हा सगळ्यात शेवटी.

काशीराम तिथेच धुळीत बसला. मी त्याची टोपी झटकून दिली आणि म्हटलं, झालं ना आता, चाक फिरतंय, पोरगा धड आहे, चला सावलीत बसू.

त्याने टोपी घातली नाही. धरून बसला, कान चढणीकडे.

"थांबा मामी," म्हणाला. "अजून दोन फेऱ्या आहेत."